आग्याला डोळे किती

“पण बाबा, त्याला डोळे किती?”

रायभानानं हे विचारलं तेव्हा येमाजीबाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणत होते. धोटा डावीकडून उजवीकडं गेला. उजवीकडून डावीकडं आला.

“मला काय ठाऊक,” बाबा म्हणाले.

“चाळीस वर्षं तुम्ही त्याच्यासमोरून ये-जा करताय.”

“चाळीस वर्षं मी माझ्या पायाची बोटं बघतोय. त्यांचं विचार. दहा आहेत.”

आता, ज्या मुलखातली ही गोष्ट, तिथं एक डोंगर होता, डोंगराला एक खिंड होती आणि खिंडीत आग्या होता. आग्या म्हणजे वडाच्या बुंध्याएवढा जाड अजगर. त्याला वाघळासारखे पंख आणि पोटात चुन्याच्या भट्टीसारखा जाळ. कुणी म्हणायचं त्याला दोन तोंडं आहेत, कुणी म्हणायचं सात. म्हणायचे सगळेच, कारण बघितलेलं कुणीच नव्हतं. ज्यांनी बघितलं ते सांगायला माघारी आले नाहीत.

खिंडीच्या अल्याड कोनाळी गाव, पल्याड बोरगडी. लोकर अल्याडची, मीठ पल्याडचं. जाणं तर भाग होतं.

म्हणून कोनाळीच्या जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. पायथ्याच्या ओढ्यात घोंगडी भिजवायची, पिळायची, डोक्यावरून तिची खोळ घ्यायची. मग कमरेत वाकून, आपल्या पायाच्या बोटांकडं बघत, एकामागं एक, न बोलता खिंड ओलांडायची. वर बघायचं नाही. बस्.

ओल्या लोकरीला जाळ लवकर धरत नाही, हे एक. आणि वाकून जाणाऱ्यावर आग्या फुंकरसुद्धा टाकत नाही, हे दुसरं. का टाकत नाही, ते कुणी विचारलं नव्हतं. चाललंय ते चालू द्यावं.

त्या खोळी येमाजीबाबा विणायचे.

आणि रायभान त्यांचा शिष्य होता. म्हणजे असं, की तो स्वतःला शिष्य म्हणवत होता आणि बाबा नाही म्हणत नव्हते.

रायभान आला होता राजधानीहून. अठरा हत्यारं शिकलेला गडी. भर दरबारात मिशीवर हात फिरवून सांगून आला होता की आग्याचं मुंडकं आणीन, नाहीतर हे तोंड दाखवणार नाही. तिथं त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आग्याचं मर्म जाणणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो कोनाळीत घोंगड्या विणतो.

तो काही पहिला नव्हता. त्याच्याआधी सहा वीर येऊन गेले होते. पायथ्यापर्यंत आले, वर चढले, आणि गेले ते गेलेच. शेवटच्याची ढाल घरंगळत खाली आली होती, ती ठकूबाईच्या चुलीवर तवा म्हणून होती. भाकरी बरी भाजायची तिच्यावर.

बाबांनी रायभानाला चिंचोके शिजवायला बसवलं. घोंगडीला ताठपणा यायचा तर चिंचोक्याची खळ लागते. अकरा महिने तो खळ ढवळत होता आणि अकरा महिने रोज एकच विचारत होता.

“मर्म सांगा, बाबा.”

“खोळ घे आणि बोटांकडं बघ.”

“ते मर्म नव्हे. ती लाचारी. आमच्या घराण्यात कुणी मान खाली घातलेली नाही.”

धोटा थांबला.

“…खळ उतू जातेय बघ,” बाबा म्हणाले.

गावातल्या प्रत्येक माणसाची एक खोळ होती. तान्ह्या पोरांचीसुद्धा बेतून ठेवलेली असायची. रायभानाची तेवढी नव्हती. बाबांनी दोनदा त्याचं माप घ्यायला दोरी काढली, दोन्ही वेळा तो उठून गेला.

बाबांच्या घरातली आणखी एक गोष्ट त्याला आवडत नसे. मागाच्या वर, आढ्याला, एका धामणीची कात लटकत होती. वारा आला की हलायची. असली घाण घरात कशाला, म्हणून त्यानं एकदा ती काढायला हात घातला, तर बाबा म्हणाले, राहू दे, तुझं काय खाते का?

तर त्या दिवशी, डोळ्यांचा प्रश्न झाल्यावर, रायभानानं मनाशी ठरवलं की या म्हाताऱ्याला काही येत नाही. बाबा दुपारचे जरा कलंडले. रायभानानं चुलीखालचा जाळ ओढला, तलवार कमरेला बांधली आणि सरळ खिंडीची वाट धरली.

ऊन मी म्हणत होतं.

खिंडीत दोन्ही अंगाचे कातळ जळून काळे पडले होते. एके ठिकाणी एक तलवार वितळून दगडाला चिकटली होती, पोळीवर तूप सांडावं तशी. रायभान तिच्याकडं न बघता पुढं गेला.

आणि वळणावर आग्या होता.

वाटेत आडवा पडला होता. पांढुरका, खवल्याखवल्यांचा, या कातळापासून त्या कातळापर्यंत. हलत नव्हता.

रायभानानं गुरूंची, गावदेवाची, आईची, सगळ्यांची आठवण काढली. मग डोळे गच्च मिटले आणि धावत सुटला.

त्यानं अठरा वार केले. मोजून. प्रत्येक वाराला जोंधळ्याच्या वाळल्या कडब्यासारखी खरखर झाली. आग्याची हाडंच तशी असतील, असं त्याला वाटलं.

डोळे उघडले तेव्हा आग्या गप पडला होता. तसा तो आधीही गपच होता, पण हे रायभानाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानं मुंडकं तोडलं. दोन बैलांचं ओझं असेल असा त्याचा अंदाज होता. उचललं तर भरलं एका सुपाएवढं. आपल्या दंडात एवढी ताकद आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

आतून पोकळ होतं. रक्त वाहून गेलं असेल, तो मनात म्हणाला. उन्हाचे दिवस आहेत, वाळलंही असेल.

काठीला मुंडकं अडकवून तो गावात शिरला, तेव्हा कोनाळीत जे झालं ते सांगत बसलो तर गोष्ट तिथंच राहील. ढोलवाल्यानं ढोल काढला. बायकांनी ओवाळलं. झेंडूचे इतके हार घातले की रायभानाला समोरचं दिसेना.

मुंडक्याच्या चिंध्या झाल्या होत्या. डोळे कुठले आणि नाकपुड्या कुठल्या, काही उमगत नव्हतं. गावानं भोकं मोजली. अठरा भरली.

“अठरा डोळे होते मुडद्याला,” ठकूबाई म्हणाली आणि तिनं कडाकडा बोटं मोडली.

ही ठकूबाई म्हणजे गावचा अर्धा कारभार. नवरा लवकर गेला, मेंढरं तिनंच वाढवली, आणि तिच्या तोंडाला गावातली कुत्रीसुद्धा बिचकून असायची. तिची एकुलती एक लेक सगुणा. सगुणेची सोयरीक पल्याड बोरगडीत ठरली होती.

ठकूबाई स्वतः बोरगडीची लेक. नवरी होऊन ती खिंडीतून आली ती खोळीखाली, वाजंत्री नाही, शब्द नाही. ती सांगायची की माझ्या वरातीत मी दोनच गोष्टी बघितल्या, उजवा पाय आणि डावा पाय. शालूचा रंगसुद्धा खिंड ओलांडल्यावर कळला.

तिनं रायभानाचा हात हातात घेतला. एरवी ती त्याला ‘चिंचोके’ म्हणून हाक मारायची.

“दादा,” ती म्हणाली, “माझी लेक आता वाजतगाजत जाईल. उघड्या तोंडानं जाईल. परवाचा मुहूर्त धरते मी.”

रायभानाला फार बरं वाटलं.

येमाजीबाबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी ते मुंडकं हातात घेतलं. विणकर घोंगडी बघतो तसं बघितलं, आधी चिमटीत धरून, मग उलटं करून.

“हलकं आहे,” ते म्हणाले.

“वाळलंय,” रायभान म्हणाला.

“रक्त कुठल्या रंगाचं होतं?”

“काळं,” रायभान म्हणाला.

“आणि डोळे? तू तर समोरून बघितलंस.”

“लढाईत मोजायला वेळ असतो होय, बाबा? गावानं मोजलेत. अठरा.”

बाबांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती, सुरीनं कापल्यासारखी. त्यांनी मुंडकं परत काठीला लावलं, चांगलं गाठ मारून, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या ओट्यावर खोळींचा ढीग पडला. आता या कशाला हव्यात म्हणून लोक एकेक आणून टाकत होते. कुणी म्हणालं, बाबा, तुमचा धंदा बसला. कुणी म्हणालं, यांची गोणपाटं करा. बाबा सगळ्यांना बरं म्हणत होते आणि एकेक खोळ उलगडून तिची भोकं बुजवत होते.

“आता त्या कशाला शिवताय?” रायभानानं विचारलं. त्याच्या गळ्यात अजून दोन हार होते.

“भोक आहे म्हणून.”

रायभान खांबाला टेकून बसला. दरबारात काय बोलायचं त्याची तो जुळवाजुळव करत होता. म्हाताऱ्यालाही थोडं श्रेय द्यावं, असा त्याचा विचार होता.

बाबा उठले. आढ्याची ती धामणीची कात काढली. तिचं तोंडाकडचं टोक ओठांना लावलं आणि हळूच आत फुंकर घातली.

कात भरली. गोल झाली. शेपटीपर्यंत फुगत गेली आणि सळसळ हलायला लागली. जिवंत धामणच जशी, खवल्याला खवला लावून.

मग बाबांनी ओठ काढले. ती बसली. ती त्यांनी होती तिथं परत टांगली, आणि पुढची खोळ उचलली.

रायभानाच्या कानात कडब्याची ती खरखर पुन्हा सुरू झाली. सुपाएवढं वजन आठवलं. आतली पोकळी आठवली. गळ्यातल्या झेंडूचा वास एकदम नको झाला.

आग्यानं कात टाकली होती. टाकून तो वरच्या गुहेत गेला असेल, नव्या कातडीचा, भुकेला, चिडका. आणि उद्या चाळीस माणसं त्याच्यासमोरून ढोल वाजवत, खोळी न घेता, जरीची पागोटी घालून जाणार होती.

“बाबा,” तो म्हणाला, “वऱ्हाड जरा पुढं ढकलावं असं सांगा ना तुम्ही. तुमचं ऐकतील.”

“का?”

“…मुहूर्त बरा दिसत नाही.”

“तुला मुहूर्तातलं कळतं?”

“मग खोळी घेऊन जा म्हणावं. आपली एक रीत आहे म्हणून.”

“माझ्या शिष्यानं आग्या मारला आणि मी खोळ घे म्हणू? लोक हसतील तुला.” बाबांनी दातांनी दोरा तोडला. “मी तर पुढं चालणार आहे. उघडा. टोपीसुद्धा नाही.”

“बाबा, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला काय ठाऊक. मी बोटं बघणारा माणूस.”

दुपारी रायभान स्वतः ठकूबाईकडं गेला. त्यानं आडून आडून बरंच सांगितलं, ऊन फार आहे, खिंडीत मेलेल्या आग्याची दुर्गंधी सुटली असेल, नवरीला बाधेल. ठकूबाईनं त्याला वीराच्या ढालीवर भाजलेली भाकरी वाढली आणि नाकाला लावायला नवा रुमाल दिला. वर म्हणाली, किती रे जीव लावतोस परक्याच्या लेकीला. आणखी दोन भाकऱ्या वाढल्या, त्याही त्यानं खाल्ल्या.

पळून जावं असंही त्याच्या मनात आलं. पण गावची वाट एकच. त्या वाटेवर बाया रांगोळ्या काढत होत्या आणि जी ती त्याला थांबवून पाया पडत होती.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली तसं वऱ्हाड निघालं.

सगळ्यांत पुढं येमाजीबाबा. खरंच उघडे. डोक्यावर केस चार, तेही मागं. टक्कल उन्हात नव्या घागरीसारखं चमकत होतं. त्यांच्यामागं त्यांचं गाढव, पाठीवर दोन थोराड गाठोडी. कुणी विचारलं तर सांगायचे, पाहुण्यांना बसायला.

गाढवामागं झुलीच्या बैलावर रायभान. हातात काठी, काठीला अठरा भोकांचं मुंडकं. त्याच्यामागं सगुणा, ठकूबाई, ढोल, सनई आणि बाकीचा गाव.

एरवी ओढा आला की गाव आपोआप गप व्हायचा. त्या दिवशी ओढ्यातूनच ढोल वाजत गेला. पाण्याला कुणी घोंगडी लावली नाही. पोरीबाळी पाणी उडवत होत्या.

ओढ्यापलीकडं बैल थांबला. त्यानं नाकपुड्या फुगवल्या आणि जागचा हलेना.

बाबा मात्र चालत राहिले.

रायभान बैलावरून बघत होता. चढावर बाबा एकटेच, गाढवाची दोरी हातात. पहिला काळा कातळ त्यांच्यापासून वीस पावलांवर. मग पंधरा.

आता तोंड उघडलं तर सगळं गेलं. दरबार गेला, घराणं गेलं, हार गेले. ठकूबाई त्याच ढालीनं टाळकं सडकेल. आणि नाही उघडलं तर… बाबांचं ते टक्कल.

दहा पावलं.

रायभानानं बैलावरून उडी टाकली. धावला, पडला, उठला, आणि बाबांच्या पुढं जाऊन त्यांच्या दोन्ही पायांना मिठी मारली. कपाळ मातीला लागलं.

“जाऊ नका,” तो म्हणाला. “मी काही मारलं नाही. ती कात होती. मी डोळे मिटून कात मारली.”

ढोल थांबला. सनईवाल्याला कळायला जरा उशीर झाला, ती एकटीच थोडी पुढं गेली आणि बसली.

सगळे ठकूबाईकडं बघायला लागले.

ती रायभानाकडं बघत होती. मग मुंडक्याकडं. मग त्याच्या अठरा भोकांकडं. तिचे ओठ काहीतरी जुळवत होते.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?” तिनं विचारलं.

“काल सकाळपासून.”

“आणि दुपारी माझ्या घरी चार भाकऱ्या खाल्ल्यास.”

“तीन,” रायभान मातीत तोंड ठेवूनच म्हणाला.

कुणीतरी हसलं. मग हसणं दाबलं. सगुणेला मात्र दाबता येईना, ती मुंडावळ्या धरून हसत होती. पण ठकूबाई हसली नाही. ती खाली दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावला. तेव्हा सगळे गप झाले. तिचं रडणं कोनाळीनं नवरा गेला तेव्हाही बघितलं नव्हतं.

लेकीला वाजतगाजत न्यायची होती, एवढंच ती म्हणाली. आणि आता तर तेही नाही, कारण खोळी गावात, मुहूर्त पल्याड, आणि मध्ये तो.

बाबांनी पाय सोडवून घेतले. गाढवाकडं गेले. गाठोड्यांच्या गाठी सोडल्या.

आत खोळी होत्या. धुतलेल्या, शिवलेल्या, घडी घातलेल्या.

ठकूबाईनं पदर खाली घेतला. “बाबा, तुम्ही तर म्हणालात पाहुण्यांना बसायला.”

“पल्याड पोचल्यावर बसतीलच की.”

सगळे ओढ्यावर माघारी उतरले. खोळी वाटल्या गेल्या, भिजवल्या, पिळल्या. ज्याची त्याला, कारण बाबांना प्रत्येकाचं माप पाठ होतं. चाळीस माणसं, चाळीस खोळी. रायभान तेवढा उभा राहिला. त्याची खोळ कधी विणलीच गेली नव्हती.

बाबांनी आपली खोळ हातात घेतली. तिच्याकडं बघितलं, रायभानाकडं बघितलं. मग ती स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि काठीचं मुंडकं सोडून ओढ्यात बुचकळलं. चांगलं निथळवून रायभानाच्या डोक्यावर ठेवलं. ते त्याच्या पाठीवरून ढोपरापर्यंत आलं.

“ही तुझ्या मेहनतीची,” बाबा म्हणाले. “वाक.”

ढोलवाल्यानं ढोल पोटाशी घेतला, त्यावर घोंगडी ओढली. एकामागं एक सगळे खिंडीत शिरले. सगळ्यांत शेवटी रायभान.

जाताना त्याला एक गोष्ट उमगली. कातीला अठरा भोकं होती. ऊन त्यांतून आत येत होतं आणि वाटेवर अठरा कवडसे त्याच्याबरोबर चालत होते. नुसती हनुवटी वर केली असती तर कुठल्याही भोकातून सगळं दिसलं असतं. अकरा महिने ज्याच्यासाठी खळ ढवळली, ते.

वळण आलं. चुन्याच्या भट्टीचा वास आला. कातीवरचं पाणी चरचरायला लागलं.

रायभानानं बोटं बघितली.

उजवी पाच. डावी पाच. डाव्या पायाची करंगळी शेजारणीवर चढून बसलेली होती. सत्तावीस वर्षांत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं, अगदी मन लावून.

मग बोटांच्या शेजारी, वीतभर अंतरावर, एक नख आलं. नांगराच्या फाळाएवढं. नवं कोरं.

गरम वारा त्याच्या मानेवरून गेला. कुणीतरी त्या कातीचा वास घेत होतं. सावकाश. डोक्यापासून पाठीपर्यंत.

…

मग एक सुस्कारा. आणि नख वाटेतून बाजूला झालं.

रायभान चालत राहिला. उजवी पाच, डावी पाच. खिंड कधी संपली ते त्याला कळलं नाही. पायांखाली हिरवं गवत आलं आणि तो त्यावर तसाच वाकून चालत होता, तेव्हा कुणीतरी त्याच्या पाठीत बुक्का घातला.

ठकूबाई होती.

“ऊठ आता,” ती म्हणाली. “बोरगडी आली.”

चाळीस माणसं मोजली, चाळीस भरली, आणि वर एक. ठकूबाईनं लेकीची खोळ काढली, मुंडावळ्या नीट केल्या, आणि ढोलवाल्याला असा डोळा घातला की त्यानं जी थाप मारली ती खिंडीच्या आतपर्यंत गेली असेल. खालच्या शेतापासून नवऱ्याच्या दारापर्यंत सगुणा वाजतगाजत गेली. उघड्या तोंडानं. उतार लांबचा होता, आणि ठकूबाईनं तो मुद्दाम आणखी लांबून घेतला.

व्याही सामोरे आले. त्यांनी विचारलं की हा पत्रावळ पांघरलेला कोण.

“आमचा माणूस आहे,” ठकूबाई म्हणाली. “आग्याचे जुने कपडे वापरतो.”

मग तिनं त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि तीन भाकऱ्या वाढल्या. मोजून.

जेवणं झाल्यावर बाबा आंब्याखाली बसले होते. खोळी पसरल्या होत्या, पाहुणे त्यांवर बसले होते. रायभान आला आणि बाबांसमोर बसला. त्याच्या हातात दोरी होती, मापाची. ती त्यानं बाबांपुढं ठेवली.

बाबांनी त्याचं माप घेतलं. डोक्यापासून ढोपरापर्यंत. दोन गाठी मारल्या.

“दरबारात जावंच लागेल एकदा,” रायभान म्हणाला. “सगळं खरं सांगेन. पण ते हेच विचारतील, त्याला डोळे किती.”

“मग?”

“मी तर बोटंच बघितली.” तो थोडा वेळ गवत उपटत बसला. “बाबा… चाळीस वर्षांत तुम्ही एकदाही वर बघितलं नाही?”

बाबांनी दोरी गुंडाळली. खिशात ठेवली. लांब, खिंडीकडं बघितलं.

“एकदा बघितलं होतं.”

“…मग? किती होते डोळे?”

“दिसले कुठं,” येमाजीबाबा म्हणाले. “तोही खालीच बघत होता.”